एक मशीन सोडून

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी अपूर्वने दिली. मागच्या वर्षीची, कोरीच राहिलेली, त्यामुळे छापलेले वार चुकीचे आहेत. ते मी खोडून लिहिणार. म्हणाला, "ऑफिसचं रोज मला ऐकवतेस ते हिला ऐकव. ही मध्येच झोपणार तरी नाही." नवऱ्याचे विनोद असेच असतात.

तर ऐक बाई. आज इराचं मशीन मेलं. आमचं ऑफिस म्हणजे इंद्रजीत सर आणि आम्ही सहा जण, घरांचे नकाशे काढणारे. सहा जणांची सहा मशीन, आणि प्रत्येक जण आपलं काम आपल्याच मशीनवर ठेवणार, दुसरीकडे प्रत म्हणून नाही. दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी धरून हलवली आणि "मॅडम, गेली" म्हणाला. इराचं पावसाळ्यापासूनचं काम गेलं. ती रडली, सर ओरडले, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो मी काढते! तेवढ्यावर मी ऑफिसची कॉम्प्युटर इंजिनियर.

"आभा, एक डिसेंबरला मी कुठल्याही मशीनवरचा कुठल्याही दिवसाचा नकाशा मागेन," सर म्हणाले. "तो मिळाला पाहिजे. नाहीतर बाहेरची कंपनी आणतो, आणि मग तुझं इथे नेमकं काम काय, तेही बघू."

करा चांगुलपणा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं. म्हणजे जवळजवळ.

चहाच्या कपाटात एक जुनं मशीन पडलं होतं, त्यात मोठी डिस्क घातली. त्याचं नाव डबडं. चार दिवस खपून स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. संध्याकाळी आठला डबडं नेटवर्कवरून एकेका मशीनचं दार वाजवतं, आज काय बदललं ते उचलून आणतं आणि त्या तारखेचा फोल्डर करतं. फोल्डर उघडला की ते मशीन त्या दिवशी जसं होतं तसं अख्खं दिसतं. जे बदललं नाही ते पुन्हा उतरवत नाही, नुसतं कालच्या प्रतीकडे बोट दाखवतं, म्हणून जागाही खात नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अपूर्वला सांगितलं तर म्हणाला, "डायरीत लिही."

आणि मुख्य म्हणजे डबड्याला फक्त वाचायची परवानगी दिली आहे. कुणाच्याही मशीनवर ते एक अक्षर लिहू शकत नाही. उद्या कुणाचं काही बिघडलं तर माझ्यावर बालंट नको.

पाच मशीन आली. सहावं नाही. सहावं चारुदत्त काकांचं.

काका सरांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मी इथे लागले तेव्हा मला पेन्सिल कशी धरायची तेही त्यांनीच शिकवलं, त्यामुळे रागावता येत नाही. ड्रॉइंग बोर्डच्या काळात संध्याकाळी बोर्ड पुसून त्यावर कापड घालायचे. आता मशीनवर घालतात. तेच कापड असावं. आणि कापड घालण्याआधी भिंतीतलं बटण बंद करतात. आठ वाजता डबडं बिचारं दार वाजवतंय आणि आत कुणी नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काकांना समजावलं. "काका, मशीन नुसतं झोपवा, बटण बंद करू नका."

"बरं," म्हणाले. बटण बंद करून गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा समजावलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मन लावून ऐकलं. "असं होय! छान केलंस तू हे. नुसतं झोपवायचं." बटण बंद करून गेले.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. बरं, समोरचा माणूस उद्धट असता तर भांडले तरी असते. हे हसून "छान केलंस" म्हणतात.

त्यात सुमतीकाकूंचा फोन. काका निघाले की नाही, ते विचारायला हल्ली रोज करतात. माझ्या फोनवर! काकांचा फोन काय पूजेला ठेवलाय? आज तर "त्यांना रिक्षात बसवून रिक्षावाल्याला पत्ता सांगशील का" म्हणाल्या. तीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्या माणसाचा पत्ता मी सांगायचा. दोघांचं काही बिनसलंय की काय कोण जाणे. सांगितला पत्ता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आठची वेळ सोडली, जेवणाच्या सुट्टीत स्क्रिप्ट लावली. काका जेवतानाही मशीन बंद करतात. "आपण जेवतो तर त्यालाही घटकाभर." मग बंद होताना आपोआप प्रत जाईल असं केलं, तर काका मशीन नीट बंदच करत नाहीत, थेट भिंतीतलं बटण. बटणावर चिकटपट्टी लावली. ती त्यांनी सोलून, घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "आभा, ही कुणाची तरी पट्टी बटणावर पडली होती."

शेवटी वैतागून वेळच काढून टाकली. आता डबडं दिवसभर काकांच्या मशीनवर डोळा ठेवून बसतं. चालू दिसलं, फाइल बदललेली दिसली, की उचल. आज पहिल्यांदा काकांच्या नावाचा फोल्डर तयार झाला. मी उठून स्वतःसाठी चहा केला.

आज कमळाकर आले होते, उरणकडचे, बंदरात कामाला आहेत. चिरनेरला घर बांधतायत. घर तसं त्यांच्या आईसाठी, गोदूबाईंसाठी. मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून बाईंचे गुडघे गेले, म्हणून त्यांची खोली खाली हवी, न्हाणीघराला लागून. काका नेहमीप्रमाणे आधी विचारतात, "घरात सगळ्यात म्हातारं कोण, आणि गुडघे कसे आहेत?" मग कोरा कागद घेऊन जिन्यापासून सुरुवात. घर जिन्याभोवती बसतं, म्हणतात. मलाही तसंच शिकवलंय.

जाताना कमळाकर माझ्यापाशी थांबले. "मॅडम, काका मना दर खेपेला त्येच इचारतान. म्हातारा कोन हाय, गुडगं कसं हान. आमी तीन बारी सांगला."

मी म्हटलं, "काका फार बारकाईने काम करतात हो. खात्री केल्याशिवाय रेघ मारत नाहीत."

"तसा नाय वाटत," ते म्हणाले. सगळ्यांना घाई झालेली असते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

स्क्रिप्टमध्ये काहीतरी घोळ आहे. डोकं फिरायची वेळ आली.

सहज म्हणून कमळाकरांच्या नकाशाची रोजची प्रत उघडून बघितली. चौदाला खाली गोदूबाईंची खोली, न्हाणीघर, सगळं नीट. सतराला खोली नाही! तिथे हॉल, आणि जिना दुसऱ्याच भिंतीला. अठराला पुन्हा तिसरंच काहीतरी, खोली वर. फाइलचं नाव तेच. म्हणजे माझ्या प्रती पुढच्या मागे आणि मागच्या पुढे होतायत. तारखांचा हिशेब मी कुठेतरी चुकवलाय.

बाकी पाच मशीनवर मात्र सगळं सुरळीत. एकट्या काकांच्याच मशीनवर कसं काय? त्या मशीनचं घड्याळ चुकत असेल. सारखं बटण बंद केल्यावर दुसरं काय होणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घड्याळ बरोबर आहे. अख्खी स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचली. चूक सापडत नाही. सापडत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, हे मला माहीत आहे, म्हणून जास्त चिडचिड. घरी भाजी करपली. अपूर्वने करपलेली भाजी निमूट खाल्ली, त्याचाही राग आला.

चहाला काकांनी विचारलं, "ते कपाटात काय गुरगुरतं गं?"

मी गेल्या आठवड्यात त्यांना कपाट उघडून दाखवलंय. पुन्हा दाखवलं.

"म्हणजे काल आपण काय केलं ते यात राहतं?"

"राहतं. तुम्ही बटण बंद केलं नाहीत तर आणखी नीट राहील."

"असं होय," म्हणाले आणि कपाटाच्या दारात उभेच राहिले. मला कामं पडली होती. मी म्हटलं, "काका, चहा गार होतोय."

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस कुणाच्या नशिबी येऊ नये.

कमळाकर आले ते जिन्यातूनच ओरडत. कंत्राटदाराने आपल्या नकाशावरून आखणी केली, पायाचे खड्डेही खणले. गोदूबाई हौसेने बघायला गेल्या. लोक दाखवतायत, हा हॉल, हा जिना, आणि त्या विचारतायत, माझी खोली कुठली? खोलीच नाही. काकांच्या मशीनवरून सतराचा नकाशा गेला होता.

"आय तिथंच फतरावं बसली," कमळाकर म्हणाले. एवढं ओरडून आलेल्या माणसाचा आवाज एकदम उतरला. "बोलली, माजं नाव सांगाला इसरलं आसतील. घरी चल."

सरांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "खोली होती. मी काढली होती. न्हाणीला लागून." खरंच होती, चौदाच्या प्रतीत आहे, मी बघितलीय. पण मशीनवर नाही. सर माझ्याकडे वळले.

"आभा, तुझ्या त्या बॅकअपने जुनी फाइल परत वर आणून टाकली. दुसरं काय असणार? काका तीस वर्षांत असं चुकलेले नाहीत."

मी सांगितलं की डबडं फक्त वाचतं, लिहीत नाही. सर म्हणाले, "मग नवा नकाशा गेला कुठे?" इरासुद्धा म्हणाली, "ताई, माझ्या फाइलींना तर काही होणार नाही ना?" तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप केला आणि तीच असं विचारते! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी जाऊन डबड्याचं कपाट धाडकन लावलं आणि मग पुन्हा उघडलं, कारण बंद कपाटात ते तापतं.

उद्या सिद्ध करून दाखवते. चूक माझी नाही हे कागदावर दाखवते. मग बघते सगळ्यांकडे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सिद्ध झालं.

काकांच्या मशीनच्या सगळ्या प्रती माझ्या पडद्यावर ओळीने लावल्या. कोणती फाइल कधी, कुठून साठवली, ते फाइलीच्या पोटात लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी काकांच्याच मशीनवरून, काकांच्याच हाताने. रोज सकाळी नवीन कोरी फाइल, जिन्यापासून सुरुवात, आणि संध्याकाळी जुन्याच नावाने साठवलेली. मशीन विचारतं, जुनी पुसू का? काका हो म्हणतात. कमळाकर येऊन गेले की त्या दिवशीच्या नकाशात गोदूबाईंची खोली खाली, न्हाणीला लागून आहे. ते आले नाहीत त्या दिवशी नाही.

काकांनी कालची फाइल एकदाही उघडलेली नाही. रोज सकाळी त्यांनी ते घर पहिल्यांदाच काढलंय.

जिने इतके सुंदर होते. एकही पायरी चुकलेली नव्हती.

मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. काका होते, हातात कप. "हे कुणाचे गं?"

मला खोटं सुचलं नाही. "तुमचेच, काका."

"सगळे?"

"सगळे."

ते पुढे वाकले, एकेक नकाशा बघितला. वडीलधाऱ्याने लहान मुलाचं चित्र बघावं तसा. मग म्हणाले, "जिना चांगला आहे," आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. सबंध दुपार त्यांनी मशीन चालूच केलं नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी उचलला आणि नुसतं "काकू" म्हणाले. काकू म्हणाल्या, "कळलं का तुला?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांकडे नेते म्हटलं की रागावतात गं. ऑफिसात सगळं नीट चाललंय, म्हणतात." आणि मी त्या फोनवर केवढी वैतागले होते. मलाच रिक्षात बसवून घरी पाठवायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. हातात कालचा सगळा पुरावा होता, छापून घेतलेला. टेबलावर ठेवला नाही.

"सर, स्क्रिप्टमध्येच चूक होती. तारखांचा घोळ. दुरुस्त करते."

सर म्हणाले, "दुरुस्त नको, बंदच कर. सोमवारी कंपनीला बोलावतो." माझ्या नेमक्या कामाविषयी काही बोलले नाहीत. तेही सोमवारीच बोलतील.

चौदाची प्रत काढून चिरनेरला पाठवली. खड्डे बुजवून पुन्हा खणायला लागतील, पण खोली होईल. मग डबड्याचं बटण बंद केलं. एवढा राग आला होता, आणि कुणावर काढायचा तेच कळेना. सरांवर म्हणावं तर त्यांनी काकांवर विश्वास ठेवला, यात त्यांचं काय चुकलं? मीही ठेवलाच होता. स्क्रिप्ट बरोबर होती. हे कुठेतरी लिहिलं पाहिजे म्हणून इथे लिहिते. माझी स्क्रिप्ट बरोबर होती.

१ डिसेंबर, सोमवार

काका मी येण्याआधीच येऊन बसले होते. बरोबर काकू. सरांना मी काय सांगितलं ते शुक्रवारी मी काकूंना फोनवर बोलले होते, ते त्यांनी काकांना सांगितलेलं दिसत होतं.

"आभा, तू सरांना खोटं का सांगितलंस?"

काका रागावलेले मी आजवर पाहिले नव्हते.

"नकाशा चुकला की घर चुकतं. उद्या खोलीऐवजी खांब चुकला तर? तो दोष त्या डबड्याने घ्यायचा? की तू?" मग आवाज खाली आला. "मला वाटायचं, सकाळी कोरा कागद बघून बरं वाटतं ते सवयीमुळे. कालचं काही आठवत नाही म्हणून कागद कोरा असतो, हे माझ्या लक्षात आलं होतं गं. म्हणून तर बटण बंद करायचो. म्हटलं, कुणी मागे जाऊन बघू नये."

म्हणजे माझी चिकटपट्टी त्यांनी जाणूनबुजून सोलली होती.

काका केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. काका बोलत होते, सर उभे होते, मग सर बसले. मग सरांनी चष्मा काढून ठेवला. बराच वेळ काका एकटेच बोलत होते, साइटवर सांगताना हात करतात तसे हात करून.

सर बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. "डबडं चालू कर. सगळ्यांसाठी." एवढंच बोलले आणि परत गेले. कंपनी आली नाही.

काका शेजारी येऊन बसले. "महिनाअखेरीला काम सोडतो म्हटलं. गोदूबाईंचं घर तेवढं पुरं करू दे, आणि माझी प्रत्येक रेघ आधी आभा तपासेल, असं ठरलंय. चालेल ना? आता एक सांग. मी काल कुठे थांबलो ते हे मला सकाळी सांगू शकेल का? मी न विचारता. कारण विचारायचं असतं, हेही मला आठवणार नाही."

मी म्हटलं, "सांगेल."

डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून काकू म्हणाल्या, "तू रडू नकोस बाई, आधी ते करून दे." बरोबरच आहे.

३ डिसेंबर, बुधवार

डबड्याला कुठल्याच मशीनवर लिहायची परवानगी नाही. एक मशीन सोडून.

नवी स्क्रिप्ट छोटीच आहे. काकांचं मशीन चालू झालं की डबडं कालची शेवटची प्रत उघडून त्यांच्या पडद्यावर ठेवतं. त्याच नावाने काही साठवलं तरी जुनं पुसत नाही, बाजूला ठेवतं. वर मोठ्या अक्षरात एक ओळ येते: "काका, काल तुम्ही इथे थांबलात. गोदूबाईंची खोली खाली, न्हाणीला लागून."

काल सकाळी काकांनी ती ओळ वाचली आणि मला हाक मारली. "हे कुणी उघडलं?"

"तुम्हीच काल सांगून गेलात, काका."

"असं होय. छान केलंस तू हे."

आज सकाळी पुन्हा हाक. "आभा, हे कुणी उघडलं?" पुन्हा सांगितलं. उद्याही सांगायचं आहे. वैताग येतो, नाही येत असं कसं म्हणू. पण सांगते.

काल संध्याकाळी ते गेल्यावर बघितलं, मशीनवर कापड घातलेलं होतं आणि आतला हिरवा दिवा चालू होता. भिंतीतल्या बटणावर माझी चिकटपट्टी परत लावलेली. वाकडी लावलीय.

दुपारी कमळाकरांचा फोन. नवे खड्डे खणून झाले. "आय खाटला घेवून जाया बघते," म्हणाले. "आमी बोललो, आदी खोलीच्या भिती तं होवदे."

आज काकांनी जिन्यापासून सुरुवात केली नाही. गोदूबाईंच्या खोलीला खिडकी काढली.